मागची फळी कोणी ठोकली

ही गोष्ट खरी आहे. यात मी पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोक अंधार धरून चालतात. ही भर दिवसाची आहे. वार शुक्रवार. सकाळचे अकरा. शाळेच्या खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. खोलीत आम्ही सात माणसं होतो, सगळी धडधाकट, सगळी शुद्धीवर.

आणि सातही जणांनी ते ऐकलं...

आजवर मी हे कुणाजवळ बोललो नाही. माझ्या बायकोने मला तशी शपथ घातली होती. ती गेल्या वर्षी गेली. शपथ मोडायची माझी इच्छा नव्हती, पण गेले एकवीस दिवस घरात जे चाललं आहे, त्यापुढे माझा इलाज नाही.

गोष्ट तिच्या थोरल्या भावाची.

त्याचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. घरात आम्ही त्याला दादा म्हणायचो, पण अख्खं गाव फ्रेमवाला म्हणायचं, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. दुकान म्हणजे हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी खोली. उजवीकडे लाकडाच्या पट्ट्या उभ्या केलेल्या, डावीकडे काचा, मध्ये टेबल. टेबलाच्या या अंगाला फ्रेमवाला, त्या अंगाला त्याची बहीण. आमचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं.

कामाची वाटणी ठरलेली होती. तो पट्ट्या कापायचा, काच बसवायचा, फोटो ठेवायचा, त्यावर मागची फळी लावून बारीक खिळे ठोकायचा. मग फ्रेम पालथीच बहिणीकडे सरकवायचा. ती फळीवर खळ लावून खाकी कागद चिकटवायची, आत धूळ जाऊ नये म्हणून. कागद वाळला की फ्रेम बंद. आत काय आहे ते पुन्हा कुणी बघत नसे.

एवढं लक्षात ठेवा. फळी तो ठोकायचा. कागद ती चिकटवायची.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. शाळा, टपाल, दवाखाना, पाणीखातं... जिथे खुर्ची, तिथे तिच्या मागे वरच्या माणसाचा फोटो. वरचा बदलला की फोटो बदलायचा. तसं बाकीही बरंच बदलायचं. रस्त्यांच्या पाट्या बदलायच्या, पुस्तकातले धडे जायचे, काल ज्याच्या दारात रांग होती तो आज दुसऱ्याच्या दारात रांगेत दिसायचा. फ्रेमवाल्याला त्याचं सुखदुःख नव्हतं. तो म्हणायचा, "कुणीही येऊ दे, मापात बसला म्हणजे झालं."

वरच्या माणसांची नावं आम्ही तोंडातून काढत नव्हतो. फोटोवरून ओळखायचो. आधी मिशीवाला होता. तो गेला आणि टोपीवाला आला. इथून गोष्ट सुरू होते.

फ्रेमवाल्याला एक खोड होती.

तो जुना फोटो काढायचाच नाही.

जुन्यावरच नवा ठेवायचा आणि फळी ठोकून मोकळा व्हायचा. जुना कागद जाड असतो, त्याच्या आधाराने नवा ताठ राहतो, ओल धरत नाही, असं त्याचं म्हणणं. खरं कारण एवढंच की अर्धा वेळ वाचायचा. कुणी टोकलंच तर हसून म्हणायचा, "उद्या हा परत आला तर? वरचा उपसला की खालचा हजर."

टोपीवाला आला तेव्हा आठवड्यात चौसष्ट फ्रेमा करायच्या होत्या. बहीणभाऊ जेवायलाही धड उठत नव्हते. चौसष्टच्या चौसष्ट फ्रेमांत टोपीवाल्याच्या पाठीशी मिशीवाला तसाच राहिला.

आणि मग हुकूम निघाला. मिशीवाल्याचे सगळे फोटो चौकीत जमा करा. एकही कुणाकडे सापडला तर...

पुढचं हुकमात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकीचा साहेब दुकानात आला. त्याने शांतपणे विचारलं की चौसष्ट फोटो बदलले, मग जमा एकही कसा नाही. तेव्हा खरं बोलला असता तर फ्रेमवाल्याला काय झालं असतं? चार शिव्या, दोन थोबाडीत. किंवा त्याहून जास्त. कोण सांगणार. त्याची जीभ टाळ्याला चिकटली. आणि सुटली ती भलतंच बोलून गेली.

"मी काढून ज्याच्या त्याच्या हातात दिले, साहेब. त्यांनी काय केलं ते त्यांनाच विचारा."

साहेबाने विचारलं, सगळ्यात जवळ कोण?

सगळ्यात जवळ शाळा होती.

शाळेत एकच मास्तर. सडपातळ, थट्टेखोर माणूस. शाळा सुटली की फ्रेमवाल्याच्या दुकानात येऊन बसायचे. म्हणायचे, "मागच्या वर्षी ज्याच्यावर पोरांकडून निबंध लिहून घेतला, यंदा त्याच्याच नावावर शाई फासून घेतोय. दौत तीच, पोरं तीच." आणि स्वतःच आधी हसायचे. त्यांच्या बोटात चांदीची अंगठी होती. वर्गात गोंगाट झाला की ते ओरडत नसत. टेबलावर अंगठी वाजवायचे. दोनदा पटकन, मग थांबून एकदा.

टक टक...

टक.

पहिल्या दोन सगळ्या वर्गासाठी. तिसरी, जो अजून ऐकत नाहीये त्याच्यासाठी.

मास्तरांनी साहेबाला खरं ते सांगितलं. मला कुणी काही दिलेलं नाही. खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः फ्रेम उतरवून दिली. साहेबाने खाकी कागद फाडला, फळी उचकटली. टोपीवाल्याच्या मागून मिशीवाला निघाला.

"परत येईल म्हणून जपून ठेवलास का?" साहेब म्हणाला.

मास्तरांना घेऊन ते दुकानावरूनच गेले. दुसरा रस्ताच नव्हता. दुकानाच्या दारात मास्तर थांबले. चिडलेले नव्हते. उलट आता सगळा घोळ मिटणार अशा सुरात बोलले.

"फ्रेमवाले, मागची फळी कोणी ठोकली, एवढंच सांगा यांना."

फ्रेमवाल्याच्या हातात हातोडी होती. त्याने एक खिळा ठोकला. मग दुसरा ठोकला. मान वर केलीच नाही.

मास्तरांनी बहिणीकडे बघितलं. तिच्या हातात खळीचा ब्रश होता. तिने नजर खाली घातली.

मग मास्तरांनी हात लांब करून दाराच्या चौकटीवर अंगठी वाजवली.

टक टक...

तिसरी वाजायच्या आत त्यांना पुढे ओढलं.

त्या संध्याकाळी फ्रेमवाला उरलेल्या त्रेसष्ट ठिकाणी फिरला. काचेला ओल धरलीय का बघतो, असं सांगून प्रत्येक फ्रेम उघडली आणि मिशीवाला काढून आणला. त्रेसष्ट फोटो चौकीत जमा केले, पावती घेतली. पुन्हा कुणाला नेलं नाही.

मास्तर परत आले नाहीत. त्यांच्या बायकोने तीन महिने वाट बघितली आणि एका सकाळी एक ट्रंक घेऊन ती निघून गेली. तिला निरोप द्यायला रस्त्यावर कुणी उभं राहिलं नाही.

फ्रेमवाल्याची खोड मात्र त्या दिवसापासून सुटली. जुना फोटो बाहेर, नवा आत, पावती खिशात. पावत्या तो दोरीत ओवून खिळ्याला टांगायचा.

वर्षं गेली. टोपीवाला गेला आणि चष्मेवाला आला. चष्मेवाल्याने जाहीर केलं की टोपीवाल्याने नेलेली सगळी माणसं निर्दोष होती. चौकात दगड उभा राहिला. त्यावर वरून चौथं नाव मास्तरांचं. घरच्यांना द्यायला सन्मानपत्रं छापली, आणि मास्तरांचं सन्मानपत्र फ्रेम करायला कुणाकडे यावं?

त्याच्याकडेच आलं.

त्याने काच कापली. ती मधोमध तडकली.

दुसरी कापली. ती तशीच, त्याच जागी...

तीस वर्षं काच कापणारा माणूस तो. चौथी काच टिकली. सन्मानपत्र आत ठेवलं, फळी लावली, शेवटचा खिळा ठोकला आणि हातोडी खाली ठेवली. तेव्हा ते वाजलं. फळीच्या आतून.

टक टक...

आमचं लग्न होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण माझी बायको दुपारची भावाच्या मदतीला जायची. ती टेबलाच्या पलीकडेच होती. दोघं एकमेकांकडे न बघता तिसरीची वाट बघत राहिले. ती आली नाही. बायकोने त्या फ्रेमवर कागद चिकटवला नाही.

ती फ्रेम न्यायला कुणीच आलं नाही. पुढे एकदा बायको ती चादरीत गुंडाळून घरी घेऊन आली आणि कपाटावर ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे. तिकडे दादाला काम सुचत नाही."

मग चष्मेवालाही गेला. आला कोण? टोपीवाल्याचा मुलगा. तीच टोपी, चेहरा कोवळा. आम्ही त्याला धाकटा म्हणू लागलो. एका सकाळी चौकातला दगड नव्हता. नुसता चौकोनी खड्डा. मास्तर आधी गद्दार होते, मग निर्दोष झाले, आता पुन्हा गद्दार. मेलेला माणूस, पण दर सरकारात त्याचीही बदली होतच होती.

फ्रेमवाल्याला एकच मुलगा. तो शिकला आणि नेमका त्याच शाळेवर लागला. तीच खोली, तीच खुर्ची. बापाने खूप आढेवेढे घेतले, पण कारण काय सांगणार? मुलाच्या खुर्चीमागची फ्रेम त्याने स्वतः उघडली, चष्मेवाला काढला, धाकटा बसवला. फळीही त्याने ठोकली, कागदही त्यानेच चिकटवला. चष्मेवाला जमा केला, पावती दोरीत ओवली.

या वेळी हुकूम जास्त कडक होता. सरकारी खोल्यांतली प्रत्येक फ्रेम उघडून बघणार. शाळेचा नंबर शुक्रवारी, अकरा वाजता.

फ्रेमवाला निर्धास्त होता.

सोमवारी मुलगा घरी आला आणि जेवताना सहज म्हणाला, "बाबा, तुमच्या फ्रेमला वाळवी लागलीय का? आतून टकटक येते. दोनदा येते आणि थांबते."

फ्रेमवाल्याचा घास हातातच राहिला.

"आणि गंमत म्हणजे, ती वाजली की पोरं एकदम चिडीचूप होतात. मला ओरडावंच लागत नाही."

त्या पोरांनी मास्तरांना कधी पाहिलेलंही नव्हतं...

मंगळवारी शाळा सुटल्यावर फ्रेमवाला गेला. फ्रेम उतरवली तेव्हाच हाताला जड लागली. मागची फळी फुगली होती. वरचा कागद मात्र जसाच्या तसा, कुठे चीर नाही, सुरकुती नाही. त्याने कागद फाडला, खिळे काढले, फळी उचलली.

धाकट्याच्या मागे चष्मेवाला होता.

जमा केलेला. पावती असलेला. घरी जाऊन त्याने पावती पाहिली. ती दोरीत होती. फोटो चुलीत घातला आणि पूर्ण जळेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला.

बुधवारी पुन्हा गेला. फळी पुन्हा फुगलेली. कागद पुन्हा अखंड.

आत मिशीवाला होता...

त्याच्या डाव्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग होता. खळीचं गरम भांडं एकदा चुकून त्यावर ठेवलं गेलं होतं. तो डाग फ्रेमवाला विसरणं शक्य नव्हतं. हा मास्तरांच्या फ्रेममधलाच फोटो. साहेब पुरावा म्हणून स्वतः घेऊन गेला होता तो.

त्याने फोटो उलटा केला. मागे खडूने लिहिलं होतं. अक्षर तिरकं, मास्तरांचं.

"फळी कोणी ठोकली?"

त्याने बोट लावलं. खडूची भुकटी बोटाला आली. ताजी.

तोही फोटो त्याने जाळला. गुरुवारी त्याने डोकं चालवलं. पट्टी नवी, काच नवी, फळी नवी, अशी सबंध नवी फ्रेम केली, शाळेत लावली, जुनी मोडून टाकली आणि संध्याकाळी आमच्या घरी आला. दारातच म्हणाला, "दाजी, जरा बसा. तुम्हाला एक सांगायचंय."

वर लिहिलेलं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आयुष्यात एकदाच खोटं बोललो, दाजी."

माझी बायको तेव्हापर्यंत गप्प होती.

"एकदा नाही, दादा. ज्या ज्या दिवशी गप्प बसलास, त्या त्या दिवशी बोललास."

तिने त्याला सांगितलं की उद्या शाळेत जा, नाहीतर तुझ्या पोराला नेतील, आणि या वेळीही फळी तूच ठोकली आहेस. तो उठला. दारात चपला घालताना वळून म्हणाला, "आणि तू?"

तिने नजर खाली घातली. मला वाटलं, भावाच्या काळजीने.

शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेलो. साहेब, त्याची दोन माणसं, शाळेचा शिपाई, मुलगा, फ्रेमवाला आणि मी. पोरांना बाहेर बसवलं होतं. शिपायाने फ्रेम उतरवून टेबलावर पालथी ठेवली.

आदल्या दिवशी केलेली फ्रेम. फळी पोटासारखी फुगली होती.

साहेब तरुण होता, हे सरकार आल्यावर नेमलेला. त्याने मुलाला विचारलं, "मागे काय आहे?"

"काही नाही, साहेब."

टक टक...

टेबलावरूनच आवाज आला. सगळे थांबले. शिपायाच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. बाहेरची पोरंसुद्धा, जी एवढा वेळ दंगा करत होती, एकदम गप्प झाली. साहेबाने दोघा माणसांकडे बघितलं. ती दोघं टेबलाखाली बघत होती. टेबलाखाली काही नव्हतं.

साहेबाने पटाशी मागवली आणि फळीच्या कडेला लावली.

फ्रेमवाल्याने मुलाकडे बघितलं. मुलगा खुर्चीशेजारी उभा होता, बोटांना खडू लागलेला. मास्तर उभे होते अगदी त्याच जागी.

"फळी मी ठोकली," फ्रेमवाला म्हणाला. आवाज फाटलेला होता. "आताचीही मीच, तेव्हाचीही मीच. मास्तरांच्या हातात मी काही दिलं नव्हतं. ते खरं बोलत होते."

टक.

एकच. आतून. साहेबाच्या हातातून पटाशी पडली.

त्याने ती उचलली आणि फळी उचकटली. धाकट्याचा फोटो. त्याच्या मागे...

काहीच नव्हतं. कोरी फळी. ती फुगलेलीही नव्हती.

फ्रेमवाला अर्धा मिनिट गप्प बसला असता तर सगळे आपापल्या घरी गेले असते. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस. नेमका त्या अर्ध्या मिनिटात बोलला.

साहेबाने घाम पुसला, खुर्ची ओढून घेतली आणि कागद पुढे घेतला. "तेव्हाची म्हणजे कधीची? नीट सांगा. लिहून घेतो."

दोन प्रश्न विचारायचेत, असं सांगून त्याला घेऊन गेले. मी मागे मागे गेलो. रस्ता तोच. दुकानावरून जाताना तो थांबला आणि मला म्हणाला, "दाजी, आत कोण बसलंय?"

दुकानाला कुलूप होतं.

तो परत आला नाही. आम्ही खूप खेटे घातले. या सरकारने सांगितलं, यादीत नाव नाही. पुढच्या सरकारने विचारलं, कसली यादी? मुलाला कुणी हात लावला नाही. त्याने नोकरी सोडली आणि गावही सोडलं.

माझी बायको त्या रस्त्याने पुन्हा कधी गेली नाही. दार दोनदा वाजलं की ती श्वास धरून उभी राहायची. मग मी तीनदा वाजवायची सवय लावून घेतली. शेवटपर्यंत तीनदाच वाजवत होतो. दवाखान्यातल्या तिच्या खोलीचं दारसुद्धा.

त्याच खोलीत, जायच्या दोन दिवस आधी, तिने मला जवळ बोलावलं.

"फळी दादाने ठोकली. पण कागद मी चिकटवला होता. आत मिशीवाला आहे, हे मला माहीत होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मीसुद्धा बोलू शकले असते." मग म्हणाली, "हे कुणाला सांगू नका. मी गेल्यावरसुद्धा नको. घ्या माझी शपथ."

मी घेतली.

तिचा फोटो मला भिंतीवर हवा होता. दुकान तर उरलं नव्हतं. मागच्या महिन्यात कपाटावरची चादर सोडली. लाकूड चांगलं, काच चांगली. खिळे काढले. आत मास्तरांचं सन्मानपत्र होतं. ते फेकवेना. घरात उघडं ठेवावं, तर आजचं सरकार कोणत्या बाजूचं ते माझ्या लक्षातही राहत नाही. म्हणून ते तसंच राहू दिलं, त्यावर बायकोचा फोटो ठेवला आणि फळी ठोकली.

जुन्यावर नवा. त्या घरची खोड मला कधी लागली, कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, मी चहा घेऊन तिच्या समोर बसलो होतो.

टक टक...

कप खाली ठेवला. तिसरीची वाट बघितली. आली नाही.

तेव्हापासून रोज. बरोबर अकरा वाजता. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर पांढरी भुकटी जमते. मी पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा असते. माझ्या घरात खडू नाही. फ्रेम भिंतीपासून सुटायला लागली आहे. फळी फुगतेय.

मास्तर काय विचारतायत ते मला माहीत आहे. उत्तरही माहीत आहे. पण ते तिच्या तोंडावर कसं म्हणू? मी पायाने अधू होतो तेव्हा दीड वर्ष माझ्या चपलांचे बंद तिने लावले. फोटोत ती सरळ माझ्याकडे बघते. फोटोवाल्याने तिला हस म्हटलं होतं, आणि तिने त्याला सांगितलं होतं की तू आधी नीट उभा राहा. त्या रागातला फोटो आहे तो. तिच्या डोळ्यांत बघून ते वाक्य माझ्याच्याने बोलवत नाही.

बोलणार नाही. म्हणून लिहितोय.

आता अकरा वाजून गेलेत. फ्रेम समोर आहे. पहिल्या दोन येऊन गेल्या.

कागद माझ्या बायकोने चिकटवला. आत काय आहे ते तिला माहीत होतं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती गप्प बसली.

...

टक.

आली.

लिहून संपवतो. फ्रेम भिंतीला परत टेकली आहे. फळी सपाट झाली असावी. मी ती उघडून बघितलेली नाही. बघणारही नाही. तिच्या पाठीशी आता कोणी आहे की कोणीच नाही, यातलं मला काय हवंय, तेच कळत नाही.

मला वाटलं होतं, तिसरी आली की सुटेन.

पण फोटोत ती आता माझ्याकडे बघत नाहीये.

तिची नजर खाली आहे.